पेमेंट कंपनी पारखताना: आपला पैसा रात्री कुणाकडे मुक्कामाला असतो?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझ्या वहिनीचे ४१,३५० रुपये अडकले. ती साताऱ्यात घरी फराळ करून पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवते. ओळखीच्या एका मुलाने तिला वेबसाइट करून दिली आणि तिच्यावर एका कंपनीचं ‘पेमेंट गेटवे’ जोडून दिलं. वसुबारसेपर्यंत ऑर्डरी येत राहिल्या, पैसे भरल्याचे मेसेजही आले. त्या जोरावर वहिनीने तेल, बेसन, तूप दुकानातून उधारीवर उचललं. खात्यात मात्र दमडी येईना. कंपनीला फोन केला की ‘सेटलमेंट प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी तेच.

शेवटी आम्ही पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंकडून त्यांच्या बँक स्टेटमेंटचा फोटो मागवला. भाजणीच्या चकलीच्या ७८० रुपयांसमोर नाव होतं कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं. वहिनीच्या दुकानाचंही नव्हे आणि गेटवेवाल्यांचंही नव्हे. सगळा उलगडा त्या एका ओळीत झाला. गेटवेवाल्यांकडे लोकांचे पैसे हाताळायची परवानगीच नव्हती. त्यांनी एका मोठ्या, परवानाधारक कंपनीकडे साधे व्यापारी म्हणून एक खातं उघडलं होतं आणि आमच्यासारख्या कित्येक छोट्या लोकांचे पैसे त्या एकाच खात्यात गोळा करत होते. तिथून ते स्वतःच्या चालू खात्यात न्यायचे आणि जमेल तसे वाटायचे. मोठ्या कंपनीकडे लेखी तक्रार गेल्यावर अडीच महिन्यांनी पैसे आले. तोवर दुकानदाराची उधारी भावाने पगारातून फेडली होती.

तेव्हापासून कुठलीही पेमेंट कंपनी पुढे आली की मी आधी एकच विचारतो: पैसा गिऱ्हाइकाच्या हातून निघाला आणि आपल्या हाती पडायचा आहे, या मधल्या वेळात तो कुणाच्या खात्यात मुक्काम करतो? रेटिंग, जाहिरात, लोगो हे सगळं नंतर. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहेत.

पायरी पहिली: कंपनीचं काम नेमकं काय, ते ओळखा

‘ऑनलाइन पेमेंट’ या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळे धंदे चालतात आणि प्रत्येकात धोका वेगळ्या जागी असतो.

यूपीआय अ‍ॅपमध्ये तुमचा पैसा अ‍ॅपकडे राहतच नाही. तो तुमच्या बँकेतून निघतो आणि समोरच्याच्या बँकेत जातो. अ‍ॅप फक्त निरोप्या. पण या निरोप्यालाही मागे एक बँक लागते आणि ती कुठली, हे माहीत असावं. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि त्या रात्री फोनपे बंद पडलं, कारण त्याचे यूपीआय व्यवहार त्या बँकेमार्फत चालत होते. ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं, त्यांचंही अ‍ॅप चालेना. त्यांचा पैसा सुरक्षित होता, वाट तेवढी बंद झाली होती. मागची बँक ओळखायची तर तुमच्या यूपीआय आयडीचं शेपूट बघा. ‘वायबीएल’ म्हणजे येस बँक, ‘आयबीएल’ म्हणजे आयसीआयसीआय, ‘ओकेअ‍ॅक्सिस’ म्हणजे अ‍ॅक्सिस. एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर मान्य अ‍ॅप, त्यांच्या बँका आणि ही शेपटं यांची यादी आहे. एखादं अ‍ॅप यूपीआय चालवतो म्हणतं आणि या यादीत नाही, तर ते फोनवर ठेवू नका.

वॉलेटचं तसं नाही. वॉलेटमध्ये भरलेला पैसा तुमच्या बँकेतून खरोखर बाहेर पडलेला असतो. नियमाप्रमाणे कंपनीने तो बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचा असतो, स्वतःच्या खर्चाला वापरायचा नसतो. त्यावर व्याज नाही. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचं, ५ लाखांपर्यंतचं विमा-कवच असतं, तसं बिगरबँक कंपनीच्या वॉलेटमधल्या तुमच्या शिलकीला नाही. हा फरक मी घरी सगळ्यांना समजावून सांगितला आहे, कारण आपल्याकडे वॉलेटला सर्रास ‘खातं’ म्हणतात. अर्धवट केवायसीच्या वॉलेटमध्ये १०,००० आणि पूर्ण केवायसीच्या वॉलेटमध्ये २ लाख रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. ठेवता येते म्हणून ठेवायची गरज नाही. आठवड्याच्या भाजी-रिक्षापुरतं पुष्कळ झालं.

पेमेंट्स बँक ही खरीखुरी बँक असते. तिच्यातल्या ठेवीला विमा असतो, मात्र एका ग्राहकाच्या नावावर २ लाखांहून जास्त रक्कम तिथे ठेवता येत नाही आणि ती कर्ज देत नाही.

उरले दोघे, ज्यांच्यात वहिनी फसली: पेमेंट अ‍ॅग्रिगेटर आणि पेमेंट गेटवे. अ‍ॅग्रिगेटर गिऱ्हाइकाचे पैसे स्वतः घेतो, थोडा वेळ सांभाळतो आणि व्यापाऱ्याला देतो, म्हणून बिगरबँक अ‍ॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. गेटवे नुसती तांत्रिक जोडणी पुरवतो. पैशाला त्याने हात लावायचा नसतो. बोलताना लोक दोघांनाही ‘गेटवे’च म्हणतात आणि लबाड कंपन्या त्या गोंधळाचा फायदा घेतात. विक्रीला आलेल्या माणसाला सरळ विचारा, ‘पैसे आधी तुमच्या खात्यात येणार का?’ ‘हो’ म्हणाला तर परवाना दाखवायला सांगा. ‘नाही’ म्हणाला तर ज्याच्या खात्यात येणार त्या अ‍ॅग्रिगेटरचं नाव लिहून घ्या आणि तुमचा करार थेट त्याच्याशी होतोय का ते बघा.

पायरी दुसरी: पाटीमागचं खरं नाव काढा

अ‍ॅपवरचं नाव ही दुकानाची पाटी. परवाना मालकाच्या नावाने असतो. वीजबिल, विम्याचा हप्ता भरताना ‘बिलडेस्क’ कित्येकांनी पाहिलं असेल. त्या कंपनीचं कागदोपत्री नाव इंडियाआयडियाज डॉट कॉम लिमिटेड. ‘पेटीएम’मागे वन९७ कम्युनिकेशन्स आहे. हे नाव माहीत नसेल तर सरकारी यादीत शोधून उपयोग नाही. चांगली कंपनीही सापडणार नाही आणि तुम्ही उगाच घाबराल.

खरं नाव सापडतं वेबसाइटच्या तळाशी, अटी-शर्तींच्या पानावर नाहीतर गोपनीयता धोरणात. तिथे ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील हवा. यातलं एकही नसेल तर पुढच्या पायऱ्या करायची गरज नाही, तिथेच थांबा. नाव मिळालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर ते टाकून बघा: कंपनी कधी स्थापन झाली, नोंदणी चालू आहे का. पण एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनी नोंदवली म्हणजे लोकांचे पैसे सांभाळायची परवानगी मिळाली असं होत नाही. उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक, आयएसओ प्रमाणपत्र, स्टार्टअप इंडियाची मान्यता यांचंही तेच. वहिनीच्या त्या कंपनीच्या पानावर यातले तीन शिक्के रांगेने लावलेले होते.

पायरी तिसरी: रिझर्व्ह बँकेची यादी स्वतः उघडा

या कामाला दहा मिनिटं लागतात आणि ती वाचवू नयेत. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायदा २००७ चा. त्याप्रमाणे देशात पेमेंट यंत्रणा चालवायची तर रिझर्व्ह बँकेचं अधिकारपत्र लागतं, आणि अधिकारपत्र मिळालेल्यांची यादी बँकेच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. कंपनीने पाठवलेली पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रमाणपत्राचा फोटो यांना धरू नका. बँकेचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा.

यादीत तीन गोष्टी जुळवायच्या. पहिली, नाव अक्षरन् अक्षर तेच आहे का. एखादं ‘पे’, ‘फिन’, ‘टेक’ मागेपुढे करून सारखी वाटणारी नावं घेतली जातात. दुसरी, परवानगी कोणत्या कामाची. वॉलेटचं अधिकारपत्र असलेल्या कंपनीला तेवढ्यावर व्यापाऱ्यांचे पैसे गोळा करता येत नाहीत. तिसरी, परवानगी पक्की की नुसती तत्त्वतः. ‘आम्हाला आरबीआयची तत्त्वतः मंजुरी आहे’ हे वाक्य खरं असू शकतं, पण तत्त्वतः मंजुरी म्हणजे साखरपुडा, लग्न अजून व्हायचं आहे.

इथे एक ठेच बऱ्याच जणांना लागते. २०२० मध्ये गुगल पे या यादीत नव्हतं. तेव्हा यावरून दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, ‘गुगल पे बेकायदा आहे’ असे मेसेज फिरले आणि आमच्या सोसायटीतल्या दोन काकांनी अ‍ॅप काढून टाकलं. रिझर्व्ह बँकेने न्यायालयात सांगितलं की गुगल पे स्वतः पेमेंट यंत्रणा चालवत नाही, यूपीआयवर चालणारं ते त्रयस्थ अ‍ॅप आहे, म्हणून त्याचं नाव त्या यादीत नाही. अशा अ‍ॅपचं नाव एनपीसीआयच्या यादीत शोधायचं. पहिली पायरी पहिली का, ते इथे कळतं: प्रकार ठाऊक नसेल तर माणूस भलत्याच यादीत नाव शोधत बसतो.

पायरी चौथी: करारातल्या चार ओळी

नुसतं पैसे पाठवणाऱ्याने ही पायरी ओलांडून पुढे जावं. ज्यांना धंद्याचे पैसे घ्यायचे आहेत, त्यांनी चहा घेऊन निवांत बसावं.

करार तीस पानी असतो. मी त्यात चार जागा शोधतो. पैसे एस्क्रो खात्यात राहतील असं स्पष्ट लिहिलंय का आणि कुठल्या बँकेत. सेटलमेंट किती दिवसांनी, आणि ते दिवस मोजायचे कुठून: गिऱ्हाइकाने पैसे भरल्यापासून, माल पोचल्यापासून की परतीची मुदत संपल्यापासून. फराळासारख्या मालात हा फरक जीवघेणा ठरतो, कारण सगळी विक्री दहा-बारा दिवसांत होते आणि किराणावाल्याचे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे असतात.

तिसरी जागा म्हणजे पैसे रोखून धरण्याचं कलम. संशयास्पद व्यवहार वाटला तर काही काळ पैसे थांबवायचा हक्क प्रत्येक कंपनी स्वतःकडे ठेवते, त्यात गैर नाही. पण किती दिवस, कुठल्या कारणाने आणि कारण लेखी कळवणार का, हे तिथे हवं. ‘कंपनीच्या मर्जीनुसार, कितीही काळ’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर सही करू नका. दिवाळीत अचानक दसपट विक्री होणारा छोटा व्यापारी त्यांच्या संगणकाला संशयितच दिसतो. म्हणून हंगामाआधी, नवरात्रातच, कंपनीला ईमेल करून ठेवावी: या तारखांत विक्री वाढेल, एवढी अपेक्षित आहे. वहिनी आता दरवर्षी असं करते.

चौथी जागा चार्जबॅकची. गिऱ्हाइकाने बँकेकडे ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार केली की रक्कम तुमच्याकडून वळती होऊ शकते. कुरिअरची पोचपावती किती दिवसांत पाठवायची, ते वाचून ठेवा आणि सगळ्या पावत्या सहा महिने तरी जपा.

दराबद्दल थोडक्यात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरच्या पेमेंटला १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे कापलं जाणारं शुल्क, नाही. त्यामुळे ‘यूपीआय फुकट’ ही काही त्या कंपनीची मेहरबानी नसते. तिचं उत्पन्न कशावर आहे, क्रेडिट कार्डावरचं शुल्क, मासिक भाडं की व्यापाऱ्यांना कर्ज मिळवून देणं, ते समजून घ्या. बाजारभावाच्या निम्म्या दराने सेवा देणाऱ्याला मी जास्त प्रश्न विचारतो.

पायरी पाचवी: दहा रुपयांचा फेरा

कागद जुळले की छोट्या रकमेचा पूर्ण फेरा मारून बघायचा. बहुतेक जण एक रुपया पाठवतात, पोचला की खूश होतात. पैसे आत घेणं कुठल्याही कंपनीला जमतं. परत करताना खरं रूप दिसतं.

म्हणून आम्ही असं करतो. भावाच्या फोनवरून वहिनीच्या वेबसाइटवर दहा रुपयांची ऑर्डर टाकतो. भावाच्या बँक स्टेटमेंटवर कुणाचं नाव उमटलं ते पाहून लिहून ठेवतो. ते दुकानाचं किंवा कागदावरच्या अ‍ॅग्रिगेटरचं असायला हवं, तिसरं कुठलं नाव नको. मग सेटलमेंट येईपर्यंत थांबतो आणि पैसे वहिनीच्या खात्यात नेमके कुणाच्या खात्यातून आले ते पासबुकात बघतो. त्यानंतर आणखी एक ऑर्डर टाकून ती रद्द करतो आणि रिफंडचे दिवस मोजतो. वॉलेट असेल तर थोडे पैसे भरून परत बँकेत काढून बघतो, काढताना काही कापतात का तेही. आठवडा जातो. पण ७८० रुपयांसमोरचं ते परकं नाव आम्ही दिवाळीआधी बघितलं असतं, तर वहिनीवर ती वेळ आली नसती.

कार्ड वापरत असाल तर आणखी एक खूण आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार किंवा अ‍ॅग्रिगेटर तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवू शकत नाही. त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली सांकेतिक क्रमांक, वापरायचं असतं. दुसऱ्या खेपेला एखाद्या साइटवर सोळाच्या सोळा आकडे आपोआप भरलेले दिसले आणि ते तुमच्या ब्राउझरने भरलेले नसतील, तर तिथून बाहेर पडा. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो मागणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

पायरी सहावी: गरज नसताना फोन करा

अडचणीत सापडलेला माणूस गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि ठगांनी पेरलेल्या नंबरवर नेमका तोच फोन लावतो. नंबर आजच अ‍ॅपच्या आतून घ्या आणि एखादा खरा प्रश्न विचारून बघा, उदाहरणार्थ रिफंडला किती दिवस लागतात. माणूस बोलतो का, तक्रार क्रमांक मिळतो का, दुसऱ्या दिवशी ईमेलचं उत्तर येतं का. खरी कंपनी तुमचा पिन, ओटीपी विचारत नाही आणि स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घ्यायला सांगत नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे आईवडिलांच्या फोनमागे चिठ्ठी चिकटवून ठेवा.

अ‍ॅप ज्या परवानग्या मागतं त्याही बघा. यूपीआय अ‍ॅपला एसएमएस लागतो, कारण तुमचा नंबर त्याच मार्गाने बँकेशी जुळतो. फोटो गॅलरी आणि सगळे संपर्क हट्टाने मागणारं अ‍ॅप मात्र पैसे पाठवण्यापलीकडचं काही करू बघतंय.

परवाना मिळाल्यानंतरही लक्ष ठेवायचं

रिझर्व्ह बँकेची कारवाई एका दिवसात आकाशातून पडत नाही. पेटीएम पेमेंट्स बँकेचं बघा. ११ मार्च २०२२ ला तिला नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली. ३१ जानेवारी २०२४ ला, जवळपास दोन वर्षांनी, नव्या ठेवी आणि वॉलेटमध्ये पैसे भरणं थांबवण्याचा आदेश आला. मुदत पुढे १५ मार्चपर्यंत वाढली. जमा असलेले पैसे काढायला बंदी नव्हती, तरीही त्या दीड महिन्यात दुकानादुकानांत क्यूआर बदलायची आणि गाडीवाल्यांची फास्टॅग बदलायची धांदल उडाली. ज्यांचं पेटीएम अ‍ॅप दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेलं होतं, त्यांचं यूपीआय चालू राहिलं. नाव एकच, पण कुणाचा पैसा कुठे मुक्कामाला होता त्यावर प्रत्येकाची अडचण ठरली.

उलट उदाहरणही आहे. २०२२ च्या शेवटी रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे व्यापारी जोडणं थांबवायला सांगितलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये दोघांना पक्की परवानगी मिळाली. म्हणून बातमी आली की पळापळ करू नये, आदेश वाचावा. ‘नवे ग्राहक नकोत’ असा असेल तर शिल्लक कमी ठेवा आणि दुसरी सोय तयार ठेवा. ‘नव्या ठेवी नकोत’ असा असेल तर त्या आठवड्यात पैसे हलवा.

परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांनी हाच प्रश्न तिथल्या यादीत विचारावा. ब्रिटनमध्ये एफसीए या नियामक संस्थेचं रजिस्टर आहे, ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रॅक या नियामक संस्थेचं. अमेरिकेत राज्यागणिक परवाना लागतो आणि तो एनएमएलएस या राज्यांच्या परवान्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत बघता येतो. तिथल्या केंद्र सरकारच्या फिनसेन या संस्थेकडची नोंदणी हा परवाना नव्हे. जून २०२० मध्ये जर्मनीची वायरकार्ड कंपनी बुडाली, तिच्या ताळेबंदातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नव्हते. तिच्या ब्रिटिश कंपनीमार्फत चालणारी वेगवेगळ्या अ‍ॅपची कार्डं काही दिवस गोठली. त्या ग्राहकांतल्या अनेकांनी वायरकार्ड हे नावही कधी ऐकलं नसेल.

पैसे अडकलेच तर

यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते, १५ ऑक्टोबर २०१९ पासून हा नियम आहे. यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), तारीख, वेळ आणि रक्कम एका कागदावर लिहा आणि तक्रार अ‍ॅपमधूनच नोंदवा, म्हणजे क्रमांक मिळतो.

फसवणूक असेल तर क्रम उलटा. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, मग बँक, मग बाकी सगळं. पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्याआधी गोठवता आला तरच हाती लागतो. चूक तुमची नसताना, त्रयस्थाच्या घुसखोरीने पैसे गेले असतील आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. उशिराने कळवलं तर तुमचा वाटा वाढतो.

बँक किंवा वॉलेट कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन होते, शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कंपनी परवान्याविना पैसे गोळा करत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवा आणि पोलिसांत लेखी द्या.

तक्रार लिहिताना रागाचे परिच्छेद नकोत. वहिनीचं पत्र पाऊण पानाचं होतं: ऑर्डरींची यादी, तारखा, रकमा, गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटचा फोटो, आणि शेवटी एक ओळ, ‘हे पैसे आपल्याकडून कोणत्या खात्यात गेले, ते लेखी कळवावे.’ मोठ्या कंपनीने त्या ट्रेडिंगवाल्यांचं सेटलमेंट थांबवलं ते हे पत्र पोचल्यावर. मधेच दोनदा ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला होता. पैसे आले नव्हते, म्हणून दोन्ही वेळा तिने त्याच क्रमांकावर तक्रार पुन्हा उघडायला लावली.